वजन उतरवावे, पण कोणते?

गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आता आपल्या घरांतून इतकी परिचयाची झाली आहे की, ज्या कुटुंबात साठी ओलांडलेली दोन माणसे आहेत तिथे हा विषय एकदा तरी निघालेला असतोच. गादीवर मांडी घालून चाळीस वर्षे काढलेले दुकानदार आणि ओट्यापाशी उभे राहून तितकीच वर्षे काढलेल्या गृहिणी, दोघांच्याही गुडघ्यांची थकबाकी उतारवयात एकदमच निघते. मनाची तयारी होते, मुले पैशांची तजवीज करतात आणि मग डॉक्टर सांगतात, ‘आधी वजन कमी करा.’ पुष्कळ घरांत पुढचे पाऊल अडते ते येथेच.

मी वैद्य नव्हे. माझे आयुष्य बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात गेले. परंतु गेल्या वर्षी माझ्या चुलत वहिनींच्या शस्त्रक्रियेच्या निमित्ताने सारे अहवाल पाहण्याचे आणि डॉक्टरांशी बोलण्याचे काम कुटुंबाने माझ्याकडे सोपवले. त्यातून जे समजले ते या वेळी वाचकांपुढे ठेवतो.

वहिनींचे वय 67, उंची 152 सेंटिमीटर, वजन 92 किलो. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला बॉडी मास इंडेक्स म्हणतात. त्यांचा आला 39.8. अनेक शल्यचिकित्सक 40 हा आकडा धोक्याची रेषा मानतात. वजन फार असेल तर जखम भरण्यास वेळ लागतो, जंतुसंसर्गाचा आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, भूल देणेही कठीण होते. शिवाय वहिनींना मधुमेह; तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी एचबीए1सी तपासणी 8.4 आली होती. डॉक्टरांनी सहा महिने दिले, दहा किलो उतरवायला सांगितले आणि साखर साडेसातच्या खाली हवी असे बजावले.

फाल्गुन वद्य अष्टमी जवळ आली होती. वहिनी म्हणाल्या, ‘मी वर्षीतप घेते. तपही घडेल आणि वजनही उतरेल.’ घरातील सर्वांनी सुटकेचा श्वास टाकला. एका खर्चात दोन कामे होत असतील तर व्यापाऱ्याच्या घरात नको कोण म्हणणार?

मला मात्र हे पटले नाही. एक दिवस उपवास आणि एक दिवस बियासणे, असे एकांतर केल्याने काट्यावरचा आकडा निश्चित खाली येतो. प्रश्न असा आहे की, जे जाते ते काय असते? वजन घटते तेव्हा केवळ चरबी जात नाही. अंदाजे चौथा हिस्सा स्नायूंचा असतो, आणि वय अधिक, प्रथिने कमी व व्यायाम नाही अशी स्थिती असेल तर हा हिस्सा आणखी वाढतो. व्यापाराच्या भाषेत बोलायचे तर चरबी हा गोदामात पडून राहिलेला माल आहे आणि स्नायू हे खेळते भांडवल. पडून राहिलेला माल काढण्याच्या नादात भांडवलच विकले गेले, तर नव्या सांध्याचा उपयोग काय? शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभे करतात, तेव्हा भार पेलतो तो मांडीचा पुढचा मोठा स्नायू. तो दुबळा असेल तर सांधा कितीही उत्तम असो, पाऊल उचलत नाही. रक्तातील अल्ब्युमिन 3.5 ग्रॅमच्या खाली गेले तर जखम भरण्यातही अडचणी वाढतात. आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना पाण्यावरचा उपवास केल्यास साखर एकाएकी उतरून चक्कर येण्याचा धोका वेगळाच.

वहिनींनी माझे ऐकले नाही. त्या उपाश्रयात गेल्या. साध्वीजी महाराजांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि पच्चक्खाणातही समाधीसाठी आगार ठेवलेले असतात याची आठवण दिली. पुढे त्या एवढेच म्हणाल्या की, वजन उतरवण्यासाठी घेतलेल्या तपाला तप म्हणू नये. उपचार आधी उरकावेत, तप कुठे जात नाही. या एका वाक्याने जे साधले ते माझ्या सगळ्या आकडेमोडीने साधले नसते.

तरी आकडेमोड मी केलीच. सवय जात नाही. माणूस किती खातो हे त्याला विचारून कळत नाही. किराण्याचे बिल पाहावे. वहिनींच्या घरी महिन्याला तेलाचा 15 किलोचा डबा आणि 3 किलो तूप लागत असे. घरची माणसे सहा. पाहुणा-रावळा धरून आठ मानली तरी दिवसाला माणशी 75 ग्रॅम झाले. बैठे काम करणाऱ्यासाठी आहारतज्ज्ञ साधारण 30 ग्रॅमच्या आत सांगतात. वरचे 45 ग्रॅम म्हणजे रोजच्या 400 कॅलरी, आणि त्या कोणी मागून घेतलेल्या नव्हत्या. खाखऱ्यावरचे तूप, डाळीची फोडणी, दुपारच्या चहाबरोबरचा गाठिया यांतून त्या आपोआप पोटात जात होत्या. चहाचे खाते वेगळे. दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे 200 कॅलरी. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7,700 कॅलरी. केवळ चहातील साखर बंद केली तरी कागदावर महिन्याला पाऊण किलोचा फरक पडतो. शरीर कागदाप्रमाणे तंतोतंत चालत नाही, पण दिशा तीच राहते.

खरी अडचण प्रथिनांची निघाली. तीन पोळ्या, पातळ डाळ आणि ताक या आहारातून वहिनींना दिवसाला जेमतेम 35 ग्रॅम प्रथिने मिळत होती. आहारतज्ज्ञ बाईंनी 60 ग्रॅम सांगितली. त्यांनी दिलेल्या पहिल्या तक्त्यात अंडे होते, मोड आलेली कडधान्ये होती आणि मुगाच्या धिरड्याबरोबर दही होते. अंड्याचा प्रश्नच नव्हता, मोड अनंतकाय म्हणून वर्ज्य आणि धिरडे-दही द्विदल होते. तक्ता टेबलावर तसाच पडून राहिला असता. पण सूनबाई हुशार. तिने आहारतज्ज्ञांना पुन्हा फोन करून आपल्या घरचे नियम सांगितले आणि नवा तक्ता मिळवला. सकाळी 50 ग्रॅम मूगडाळीची धिरडी, त्यातून 12 ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या आणि घट्ट डाळ मिळून 13. भाजीत 25 ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, त्यांतून 13. चौविहारापूर्वीच्या जेवणात 75 ग्रॅम पनीर, त्यातून 13. वेगळ्या वेळी पाव लिटर दूध, त्यातून 8. बेरीज 59. एकही नियम मोडावा लागला नाही. तिथीला हिरवी भाजी बंद असते तेव्हा आपल्याकडे त्या जागी तळण येते. तिथे डाळच वाढवली. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत. रक्ताची तपासणी झाली तेव्हा ब12 जीवनसत्त्वही कमी निघाले. शाकाहारी घरांत ते वारंवार आढळते.

व्यायाम म्हणजे चालणे असा आपला समज असतो. ज्याचा गुडघा झिजला आहे त्याला ‘चाला’ म्हणणे ही क्रूर थट्टाच. फिजिओथेरपिस्टने वहिनींना पलंगावर पाय सरळ ठेवून उचलायला, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायला आणि खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठायला शिकवले. दिवसातून दोन वेळा, वीस मिनिटे. पहिल्या महिन्यात खुर्चीवरून तीनदा उठणेही होत नव्हते. चौथ्या महिन्यात त्या बारा वेळा उठू लागल्या. सामायिकही खुर्चीवर सुरू झाली. शस्त्रक्रियेनंतर मांडी घालून बसायला मनाई असतेच, तेव्हा ही सवय आधीच लागलेली बरी.

वजन किती उतरले की फरक जाणवतो? अमेरिकेतील एका संशोधनाचे निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. शरीराचे एक किलो कमी झाले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, असे त्यात आढळले. नऊ किलो उतरले तर 36 किलो. घरातल्या घरात दिवसाला तीन हजार पावले धरली, तर एका गुडघ्याच्या वाट्याला दीड हजार येतात. म्हणजे रोजचा 540 क्विंटल भार कमी झाला. हमालीचा दर ठाऊक असणाऱ्यांना याहून अधिक सांगायला नको.

अलीकडे वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांची चर्चा आपल्या बायकांच्या मंडळांतही ऐकू येते. सेमाग्लुटाइड या औषधावर गुडघ्याच्या रुग्णांचा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. 68 आठवड्यांत सरासरी 13.7 टक्के वजन उतरले आणि वेदनाही कमी झाली. ही औषधे ओळखीच्या केमिस्टकडून परस्पर आणण्याची नव्हेत. त्यांनी भूक मरते, म्हणून प्रथिने आणखी जपून खावी लागतात. अन्न पोटात अधिक काळ राहते, म्हणून भूलतज्ज्ञाला आधी सांगावेच लागते. वहिनींना त्यांची गरज पडली नाही.

आता दुसरी बाजू. ‘वजन उतरल्यावर पाहू’ हे वाक्य काही घरांत वर्षानुवर्षे चालते. लग्नसराई होते, दिवाळी होते आणि माणूस पलंगाला खिळतो. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञ आणि सांधेशल्यचिकित्सक यांच्या संस्थांनी 2023 मध्ये संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे दिली. केवळ वजनाचा ठरावीक आकडा गाठण्यासाठी शस्त्रक्रिया लांबवू नये, असा सल्ला त्यांत आहे. अनियंत्रित मधुमेह आणि तंबाखू यांसाठी मात्र थांबावे, असे त्या म्हणतात. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारावे : आकडा गाठला नाही तर काय? मुदत किती? उत्तर लिहून घ्यावे.

पर्युषणानंतर वहिनींचे वजन भरले 83 किलो. दहाऐवजी नऊच उतरले होते, इंडेक्स 35.9, एचबीए1सी 7.1. उरलेल्या एका किलोसाठी डॉक्टरांनी अडवले नाही आणि आश्विनात उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. भेटीला येणाऱ्यांनी पेढ्यांऐवजी भाजलेले चणे आणावेत, असा निरोप सूनबाईने आधीच धाडला होता. निम्म्यांनी तो मानला.