मयताची भीती

मरणाची भीती प्रत्येक जिवाला असते, तिच्यावर उपाय नाही. मयताची भीती वेगळी. ती समाज शिकवतो, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतो, आणि कधी कधी तिचा हिशेब जिवंत माणसांकडून वसूल करतो.

शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकरी वस्तीत लहान मुलांना दोन मडक्यांत, मडक्यांची तोंडे एकमेकांना लावून, घराच्या जमिनीखाली पुरलेले सापडले. मोठ्या माणसांचे पाय मात्र घोट्यापासून तोडलेले होते. मेलेल्याने उठून चालू नये म्हणून, असा तर्क अभ्यासकांनी मांडला. आपल्याच माणसाला आपल्याच घरात पुरायचे आणि त्याचे पायही तोडायचे! माया आणि भीती एकाच खड्ड्यात.

युरोपात पुढे भीती उलटी झाली. मेलेला उठेल याऐवजी आपल्याला जिवंतपणीच पुरतील, ही धास्ती लोकांनी घेतली. जर्मनीत मृतदेह काही दिवस नजरेखाली ठेवणारी घरे बांधली गेली; बोटाला दोरी आणि दोरीला घंटा. आल्फ्रेड नोबेलने १८९५च्या मृत्युपत्रात, ज्यातून ती प्रसिद्ध पारितोषिके निघाली, मरणानंतर आपल्या शिरा कापून खात्री करा आणि मगच दहन करा, असे लिहून ठेवले. डायनामाइटचा शोध लावणारा माणूस!

२०२० मध्ये भीतीने विज्ञानाची भाषा उचलली. ३० मार्चला मुंबई महापालिकेने कोविडच्या सर्व मृतांचे, धर्म कोणताही असो, दहन करावे असे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी मागे घेतले. पुढच्या महिन्यात चेन्नईत कोविडने गेलेल्या एका न्यूरोसर्जनचे दफन जमावाने रोखले, अ‍ॅम्ब्युलन्सवर दगडफेक केली. ज्याने रुग्ण तपासले, त्याच्याच मातीला जागा मिळेना. शेवटी सहकारी डॉक्टरने रात्री हातात फावडे घेऊन माती लोटली. वांद्र्याच्या कब्रस्तानात दफन नको, अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयात गेली. २२ मे रोजी न्यायालयाने ती फेटाळली. मृतदेहातून कोविड पसरतो याला शास्त्रीय आधार नाही आणि सन्मानाने अंत्यविधी होणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले.

श्रीलंकेत मात्र हट्ट जवळजवळ वर्षभर टिकला. जागतिक आरोग्य संघटनेने दफनाला हरकत घेतली नव्हती, तरी तिथे दहनाची सक्ती झाली. डिसेंबर २०२० मध्ये वीस दिवसांच्या मुस्लिम बाळालाही आईबापांच्या मर्जीविरुद्ध जाळले गेले. लोकांनी स्मशानाच्या फाटकाला कफनासारख्या पांढऱ्या पट्ट्या बांधल्या. सक्ती फेब्रुवारी २०२१ मध्ये उठली. सरकारने माफी मागितली ती २०२४ मध्ये.

त्याच दिवसांत मुंबईच्या बडा कब्रस्तानाच्या स्वयंसेवकांनी नातेवाईक पुढे येत नव्हते अशा हिंदू मृतांनाही स्मशानापर्यंत पोचवले. ही नोंद आपण अभिमानाने करतोच. पण भीती फक्त दुसऱ्यांच्या घरात राहते, असे समजायचे कारण नाही.

नेत्रदानाचा विषय काढला की आपल्याकडे आजही ऐकू येते, 'मय्यतला इजा होईल', 'कयामतच्या दिवशी आंधळा उठेल'. ज्या रबने मातीतून माणूस घडवला असे आपण मानतो, त्याला दोन डोळे पुन्हा देणे जमणार नाही? जेद्दाच्या इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ मध्येच अटी घालून अवयव प्रत्यारोपणाला मान्यता दिली. हे जुम्याच्या खुतब्यात किती मशिदींत सांगितले गेले?

कब्रस्तान कमिट्यांकडे एक साधी मागणी आहे. जनाज्याची व्यवस्था पाहणाऱ्याच्या फोनमध्ये जवळच्या नेत्रपेढीचा नंबर असू द्या आणि दुःखात असलेल्या घराला एकदा हळुवार विचारा. नको म्हणाले तर तिथेच थांबा. हो म्हणाले तर सहा तासांच्या आत पथक घरी येते, वीसेक मिनिटांत काम होते, चेहरा विद्रूप होत नाही. गुस्ल त्यानंतर नेहमीसारखाच होतो आणि दफनालाही उशीर होत नाही.