नाव नाही तो माल बेवारस

व्यापारात मालाच्या किमतीइतकीच त्याची ओळख महत्त्वाची असते. गोदामात हजार थान पडून आहेत, पण कोणते कुठे आहे, कोणाच्या मागावरचे आहे, कोणत्या साली उतरले याची नोंद नाही. तर तो साठा नव्हे, अडगळ आहे. आमचे वडीलधारे ही गोष्ट वहीखात्याच्या भाषेत सांगत. कॉम्प्युटरच्या दुनियेनेही तीच गोष्ट सिद्ध केली आहे. ते उदाहरण आज आम्ही व्यापारी आणि कारीगर बांधवांपुढे ठेवत आहोत.

१९८२ साली अमेरिकेच्या कमोडोर कंपनीने 'कमोडोर ६४' हा घरगुती कॉम्प्युटर बाजारात आणला. सुरुवातीची किंमत ५९५ डॉलर आणि मेमरी अवघी ६४ किलोबाइट. परंतु आवाजासाठी त्यात 'सिड' नावाची स्वतंत्र चिप होती. बॉब यानेस या इंजिनिअरने ती तयार केली. एका वेळी फक्त तीन सूर निघत. तेवढ्या भांडवलावर रॉब हबर्ड, मार्टिन गॅल्वे अशा तरुणांनी कॉम्प्युटरच्या खेळांसाठी असे संगीत रचले की खेळ मागे पडले, पण गाणी लोकांच्या कानात राहिली.

ही गाणी कॅसेटवर भरतात तशी भरलेली नव्हती. कोणता सूर केव्हा लावायचा हे चिपला सांगणारा तो एक लहानसा प्रोग्राम असे, आणि ताण्यात बाणा मिसळावा तसा तो खेळाच्या प्रोग्राममध्ये मिसळलेला असे. हौशी लोकांनी तो वेगळा काढून फ्लॉपीवर ठेवायला सुरुवात केली. एका फ्लॉपीवर जागा सुमारे १७० किलोबाइट, फाइली जास्तीत जास्त १४४ आणि फाइलच्या नावाला १६ अक्षरे. त्यात गाण्याचे नाव कसेबसे मावे. रचणाऱ्याच्या नावाला जागा कुठून मिळणार?

१९९० च्या सुमारास पेर होकान सुंडेल आणि रॉन बिर्क यांनी अमिगा कॉम्प्युटरसाठी 'प्लेसिड' हा छोटा प्रोग्राम तयार केला. त्यामुळे जुन्या यंत्रावरची गाणी नव्या यंत्रावर वाजू लागली. पण आमच्या मते खरी कामाची गोष्ट दुसरीच होती. प्रत्येक फाइलच्या तोंडाशी त्यांनी बत्तीस-बत्तीस अक्षरांचे तीन रकाने ठेवले. पहिल्यात गाण्याचे नाव, दुसऱ्यात रचणाऱ्याचे आणि तिसऱ्यात साल व प्रकाशित करणारी कंपनी. थानाला चिठ्ठी लावतात तशीच ही चिठ्ठी. फरक इतकाच की ती मालापासून सुटून पडत नाही.

१९९४ साली कमोडोर कंपनीचे दिवाळे निघाले. दुकान बंद झाले, पण माल वाचला. १९९६ पासून 'हाय व्होल्टेज सिड कलेक्शन' या नावाने काही स्वयंसेवकांनी सारी गाणी एका ठिकाणी लावायला घेतली. रचणाऱ्यांच्या नावाचे कप्पे केले, तेही अक्षरक्रमाने. नवी यादी निघाली की एक लहानसा प्रोग्राम ती वाचतो आणि फाइली आपोआप योग्य कप्प्यात हलवतो, चुकलेली नावे सुधारतो, दुबार प्रती काढून टाकतो. आज या संग्रहात पन्नास हजारांहून अधिक गाणी आहेत.

या लोकांचा इमानदारीचा एक नियम आम्हाला विशेष आवडला. एखाद्या गाण्याचा रचणारा ठाऊक नसेल तर ते अंदाजाने कोणाचे तरी नाव ठोकून देत नाहीत. त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतात आणि माहिती मिळाली की दुरुस्ती करतात. दुसऱ्याच्या मेहनतीवर तिसऱ्याचा शिक्का बसण्यापेक्षा जागा कोरी राहिलेली बरी.

आता आपल्या धंद्याकडे पाहा. भिवंडी-मालेगावच्या मागावर किंवा जरीकाम करणाऱ्याच्या खाटल्यावर नवा नमुना तयार होतो. त्याचा फोटो संध्याकाळपर्यंत पन्नास मोबाइलमध्ये फिरतो. फोटोच्या फाइलला नाव नसते, नुसते आकडे असतात. महिनाभराने तोच नमुना दुसऱ्या बाजारात दुसऱ्याच्या नावाने विकला जातो. ज्याने डोळे फोडून तो काढला, त्याच्या हातात हक्क सांगायला चिठ्ठीचा कागदही नसतो.

काही व्यापारी म्हणतील, कारीगराचे नाव लिहिले तर गिऱ्हाईक परभारे त्याच्याकडे जाईल. ही भीती खोटी नाही. परंतु नाव लपवून गिऱ्हाईक किती दिवस थोपवणार? गिऱ्हाईक आपल्याकडे येते ते उधारीसाठी, निवडीसाठी आणि जबानीच्या भरवशावर. ज्या कारीगराचे नाव आपण राखतो, तो नवा नमुना आधी आपल्याच गादीवर आणील. त्याचे नाव गिळणाऱ्याकडे तो उरलासुरला माल टाकील.

यासाठी महागडा कॉम्प्युटर लागत नाही. साधी वही किंवा मोबाइलमधली यादी पुरे. प्रत्येक नमुन्याला क्रमांक द्यावा आणि तीन रकाने भरावेत: नमुन्याचे नाव, काढणाऱ्याचे नाव, तारीख व पेढी. फोटोच्या फाइललाही तोच क्रमांक द्यावा. जुन्या नमुन्याचा कर्ता माहीत नसेल तर प्रश्नचिन्ह ठेवावे.

मात्र वहीतली नोंद म्हणजे कायद्याची नोंदणी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. डिझाइन कायदा, २००० प्रमाणे नव्या नमुन्याची नोंदणी करता येते. संरक्षण दहा वर्षे मिळते आणि पुढे पाच वर्षे वाढवता येते. पण अर्जापूर्वीच जगजाहीर झालेला नमुना कायदा नवा मानत नाही. म्हणून ज्या नमुन्यावर मोठी आशा आहे, त्याचा फोटो फिरवण्याआधी वकिलाचा सल्ला घ्यावा.

कमोडोरसारखी मोठी कंपनी बुडाली, तिचे यंत्र जुने झाले, फ्लॉपी तर गेलीच. पण बत्तीस अक्षरांच्या रकान्यात लिहिलेले रचणाऱ्याचे नाव आजही वाचता येते. आपल्या कारीगराचे नाव तेवढ्या जागेत सहज मावेल. ते लिहिण्याचे काम पेढीवर बसणाऱ्याचे आहे, आणि त्याने ते आजपासून सुरू करावे.