पडद्यामागचे डॉक्टर

माझ्या लहानपणी आमच्या नंदनवनातल्या डॉक्टरांच्या घरी पुढच्या खोलीत दवाखाना आणि मागे संसार असे. मधे फक्त एक पडदा. इकडे डॉक्टर छातीला नळी लावून "मोठा श्वास घ्या" म्हणत, तेवढ्यात पडद्याआडून वहिनींचा आवाज येई, "अहो, गॅस संपला!" घेतलेला श्वास सोडावा की नाही, हे बिचाऱ्या पेशंटला कळत नसे. निम्मा ताप तिथेच उतरे.

अशा घरावर एक झकास विनोदी मालिका मराठीत का होऊ नये? डॉक्टर असलेल्या कलावंतांची आपल्याकडे वाण नाही. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, काशिनाथ घाणेकर दंतवैद्य, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. 2014 साली सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'मधून वर्षानुवर्षे हसवणारे नीलेश साबळेही डॉक्टरच! डॉक्टर रंगमंचावर आले. त्यांचे घर मात्र पडद्यामागेच राहिले.

1991 साली विजया मेहतांची 'लाइफलाइन' दूरदर्शनवर आली. इस्पितळावरची मालिका, पण गंभीर. 2020 साली 'देवमाणूस' गाजली. तिच्यात डॉक्टर म्हणून वावरणारा चक्क खुनी. म्हणजे आपल्या मनातला डॉक्टर एक तर देव, नाही तर राक्षस. मधला माणूस गेला कुठे?

अमेरिकेत 1984 ते 1992 या काळात चाललेल्या 'द कॉस्बी शो'चा नायक प्रसूतितज्ज्ञ होता. दवाखाना घरातच, बायको वकील आणि मुले पाच. पुढे या मालिकेच्या नटावर अनेक स्त्रियांनी अत्याचाराचे आरोप केले आणि ती पूर्वीच्या डोळ्यांनी पाहणे अवघड झाले. पण तिच्यातली मूळ कल्पना अस्सल होती. बाहेर ज्याचा शब्द प्रमाण, त्याचे घरात कोणी ऐकत नाही!

हा प्रश्न नुसत्या करमणुकीचा नाही. डॉक्टर आणि इस्पितळांवरचे हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राला 2010 साली स्वतंत्र कायदा करावा लागला. त्यात 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायदा उगारलेला हात धरील, पण मनातला राग कसा धरणार? ज्याने डॉक्टरला देव मानले, तोच अपयश आले की दगड उचलतो. माणूस मानले असते, तर आधी दोन प्रश्न विचारले असते.

विनोदाने डॉक्टरांनाही सोडू नये. ते न लागणारे अक्षर, तपासण्यांची मारुतीच्या शेपटासारखी यादी, पेशंटला ताटकळत ठेवून आधी आत जाणारा औषध कंपनीचा प्रतिनिधी, सगळे येऊ द्या. स्वतःला हसणारा डॉक्टर पेशंटला जवळचा वाटतो.

एकदा आमच्या डॉक्टरांनी माझ्या वडिलांना सरळ सांगितले, "हे माझ्या आवाक्यातले नाही, तुम्ही मेडिकलला दाखवा." नागपुरात मेडिकल म्हणजे 1947 सालचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. वडिलांचा डॉक्टरांवरचा विश्वास त्या दिवशी उडाला नाही, उलट दुणावला. पडद्यामागचा गॅस संपलेला त्यांनी कितीदा तरी ऐकला होता ना!