‘पुरे’ कसे ओळखावे?

हा विषय रविवारच्या पुरवणीत आला की निम्मे वाचक पान उलटतात आणि उरलेले चष्मा पुसून घेतात. विषय असा : नवराबायकोने शृंगारात गंमत म्हणून एकमेकांचे हात ओढणीने बांधावेत काय? दोघांनाही ते मनापासून हवे असेल तर त्यात विकृती शोधायचे मला कारण दिसत नाही. मात्र ते कसे करावे हे आधी ठाऊक हवे, आणि नेमके तेच आपल्याकडे कोणी सांगत नाही.

वात्स्यायन संकोचला नव्हता. कामसूत्राच्या प्रहणनाच्या प्रकरणात तो रतिक्रीडेतल्या आघातांचे प्रकार देतो आणि पाठोपाठ त्यांचे बळीही नोंदवतो. चोल राजाच्या हातून चित्रसेना ही गणिका गेली. कुंतल शातकर्णी सातवाहनाच्या, म्हणजे आपल्याच मुलखातल्या राजघराण्याच्या पुरुषाच्या, हातून महादेवी मलयवती गेली. असल्या घातक प्रकारांना वात्स्यायन सरळ अनार्य म्हणतो.

पण त्याच प्रकरणात ‘नको’, ‘सोड’, ‘पुरे’ अशा अर्थाचे शब्द तो स्त्रीच्या सीत्कारांत जमा करतो. (आपल्या सिनेमांनी पुढे तेवढेच नेमके उचलले!) मग खेळातले ‘सोड’ आणि खरे ‘सोड’ वेगळे कसे ओळखायचे? त्यासाठी आधीच ठरवलेला, भलताच शब्द हवा. ‘वीजबिल’ चालेल. तो उच्चारला की सारे तत्काळ थांबले पाहिजे. कारण विचारायचे नाही.

बँकेत आम्ही सही केलेला चेकही वटण्यापूर्वी खातेदाराच्या एका सूचनेवर थांबवत असू. लग्नातली संमती मात्र पुष्कळ नवऱ्यांना जन्मभराचा ओव्हरड्राफ्ट वाटते. कायदाही इथे विचित्र आहे. २०१३च्या दुरुस्तीने संमती म्हणजे स्वेच्छेने दिलेली निःसंदिग्ध मान्यता, असे ठरले. प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती गृहीत धरता येत नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हे कायम आहे. पण अठरा वर्षे पूर्ण झालेल्या पत्नीवर पतीने केलेली बळजबरी मात्र बलात्काराच्या त्याच कलमातून वगळलेली आहे. म्हणजे शयनगृहात कायद्याच्या भरवशावर राहता येत नाही. बोलून ठेवायचे ते दोघांनीच, आणि तेही दिवसाउजेडी, चहा घेताना.

बाकी गोष्टी साध्या आहेत. गळ्याभोवती काहीही नको, थट्टेतसुद्धा नको. कापड रुंद आणि मऊ असावे; नायलॉनची बारीक दोरी नको, ओढल्यावर आवळत जाणारी गाठ नको. बांध आणि मनगट यांच्यामध्ये दोन बोटे सहज शिरली पाहिजेत. मुंग्या आल्या, बोटे गार किंवा बधिर झाली तर लगेच सोडावे, कारण मज्जातंतू दबतात आणि ती इजा कधीकधी महिनोन्‌महिने रेंगाळते. दारू घेतली असेल तर हा खेळ त्या रात्री नाहीच. पहिल्या वेळी चारपाच मिनिटे पुष्कळ झाली. बांधलेल्या माणसाला एकटे सोडून दाराची बेल वाजली तरी उठू नये. आणि कात्री हाताशी ठेवावी, बोथट टोकाची.