जर्मल म्हणण्यात गैर काय?

बेळगावजवळच्या काकतीकडे कुणी दुकानात 'जर्मलचं पातेलं' मागितलं, की शिकलेल्या पोरांना हसू येतं. 'जर्मल' अडाण्यांचा शब्द, खरा शास्त्रीय शब्द अल्युमिनियम, असा आक्षेप. वर पुस्ती, की ही भांडी जर्मनीहून यायची म्हणून हे नाव पडलं.

आधी जर्मनीचं पाहू. आपल्याकडे अल्युमिनियमची भांडी घडू लागली ती 1898 च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेत, आल्फ्रेड चॅटर्टन या इंग्रजाच्या पुढाकाराने. जर्मन माल आलाच नसेल असं नाही, पण मला नावाचं मूळ 'जर्मन सिल्व्हर'मध्ये दिसतं. तांबं, जस्त आणि निकेल यांचा हा पांढरा मिश्रधातू. चिनी धातूची नक्कल म्हणून जर्मनांनी एकोणिसाव्या शतकात तो बाजारात आणला. त्यात चांदी गुंजभरही नाही. पुढे तसाच पांढरा, पण वजनाला हलका धातू आला, तेव्हा लोकांनी जुनंच नाव त्याला चिकटवलं आणि 'न'चा 'ल' केला.

म्हणजे नाव चुकीचंच की! असेल. पण शास्त्रीय नावाची कुंडली तरी कुठे निर्दोष आहे? हम्फ्री डेव्हीने 1808 मध्ये 'अल्युमियम' सुचवलं, 1812 मध्ये स्वतःच 'अल्युमिनम' केलं. ते कानाला लॅटिन वाटेना, म्हणून इतरांनी सोडियम-पोटॅशियमच्या पंगतीत शोभेलसं 'अल्युमिनियम' पुढे रेटलं. धातू वेगळा काढला ओर्स्टेडने, 1825 मध्ये. बारसं आधी, जन्म मागाहून! अमेरिकनांनी शब्द मोडला म्हणणारेही फसतात; अमेरिकन केमिकल सोसायटीने 1925 साली स्वीकारलेलं 'अल्युमिनम' डेव्हीचंच. या सगळ्यांच्या मुळाशी लॅटिन 'अल्युमेन', म्हणजे न्हाव्याच्या पेटीतली तुरटी. आणि तुरटीला तरी नाव कुणी दिलं? जिभेने.

काकतीलगत यमनापूरला अल्युमिनाचा कारखाना आहे. जुनी माणसं त्याला अजून 'इंडाल'च म्हणतात. तिथे बॉक्साइट दळून गरम कॉस्टिक सोड्यात विरघळवतात, शेवटी हाती येते पांढरी भुकटी आणि मागे उरतो लाल चिखल. बॉक्साइट हे नाव फ्रान्समधल्या ले बो या गावावरून पडलं. कोल्हापूरच्या डोंगरातल्या दगडाला फ्रेंच गावाचं नाव चालतं, त्यावर कुणी ब्र काढत नाही. मग जर्मलवरच राग का? परीक्षेच्या पेपरात अल्युमिनियम लिहावं, नाहीतर मार्क जातील. दुकानदाराला मात्र जर्मल म्हटलं तरी तो स्टीलचं पातेलं काढून देत नाही.