विश्लेषण : दुसऱ्या गाडीचा डिफरन्शियल बसवल्याने गाडीची ताकद खरेच वाढते का?

भंगारातल्या एका एसयूव्हीखालून मागचा एक्सल काढायचा, आपल्या गाडीखाली बसवायचा आणि संध्याकाळी चिखलात गाडी उडवायची. अमेरिकेतल्या जुन्या जीपवाल्यांचे असे व्हिडिओ आपल्याकडेही चवीने पाहिले जातात. व्हिडिओ दहा मिनिटांचा असतो. काम अनेक दिवसांचे असते. आणि ज्या तपशिलांवर गाडीची सुरक्षितता ठरते, ते बहुधा एडिटिंगमध्ये उडालेले असतात.

डिफरन्शियल नेमके काय करतो?

मेकॅनिकलच्या व्हायव्हात हमखास येणारा हा प्रश्न. वळणावर बाहेरचे चाक जास्त अंतर कापते, आतले कमी. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट जोडली तर टायर घासत, उड्या मारत जातील. डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो. त्याच डब्यात क्राउन आणि पिनियन असतात. प्रोपेलर शाफ्टकडून आलेली गती ते कमी करतात आणि टॉर्क वाढवून चाकांना देतात.

साध्या, म्हणजे ओपन डिफरन्शियलची एक अडचण आहे. तो दोन्ही चाकांना जवळपास सारखाच टॉर्क देतो. एक चाक चिखलात गरगर फिरू लागले की त्याला टॉर्क लागतच नाही, म्हणून कोरड्या जमिनीवरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच मिळतो आणि गाडी जागची हलत नाही. त्यावर उपाय म्हणजे लिमिटेड स्लिप किंवा लॉकिंग डिफरन्शियल.

मग ताकद वाढते की नाही?

इंजिनची ताकद एका अश्वशक्तीनेही वाढत नाही. बदलते ते गुणोत्तर. ३.७३ च्या जागी ४.१० चा डिफरन्शियल बसवला, तर प्रत्येक गिअरमध्ये चाकाला सुमारे १० टक्के जास्त टॉर्क मिळतो. त्याची किंमतही तेवढीच. हायवेवर ज्या वेगाला इंजिन २५०० आरपीएमवर फिरत होते, तिथे आता सुमारे २७५० वर फिरेल. आवाज वाढेल, इंधनही जास्त लागेल.

बहुतेक जण हा बदल मोठे टायर टाकल्यावर करतात, आणि इथेच गंमत आहे. २७ इंची टायरच्या जागी ३१ इंची टायर आला की ३.५५ चे गुणोत्तर प्रत्यक्षात ३.०९ सारखे वागू लागते. गाडी चढावर मरगळते. मग ४.१० बसवले की हिशेब पुन्हा ३.५७ वर येतो. म्हणजे हजारो रुपये घालून मिळवले काय, तर टायर बदलण्याआधी कंपनीने दिलेलीच गाडी. ‘परफॉर्मन्स अपग्रेड’ म्हणून मिरवल्या जाणाऱ्या अनेक कामांचे खरे स्वरूप हेच असते.

एक्स्प्लोररचा एक्सल चेरोकीखाली का जातो?

या प्रकारातले सर्वांत गाजलेले उदाहरण फोर्ड आणि जीपचे आहे. १९८४ ते २००१ दरम्यान बनलेल्या चौकोनी जीप चेरोकीच्या अनेक गाड्यांत मागे डेना ३५ हा एक्सल येई. त्याचा क्राउन साडेसात इंचांच्या आसपास आणि एक्सल शाफ्टवर २७ दात. मोठे टायर आणि दगडधोंड्यांपुढे तो कमकुवत ठरला. फोर्ड एक्स्प्लोररखाली मात्र ८.८ इंची क्राउनचा आणि ३१ दातांच्या शाफ्टचा एक्सल होता. १९९५ ते २००१ च्या एक्स्प्लोररमध्ये मागे डिस्क ब्रेकही मिळतात.

हे लग्न जमण्याची कारणे अगदी व्यवहारी आहेत. दोन्ही गाड्यांच्या चाकांचे बोल्ट एकाच मापाचे आहेत, पाच बोल्ट आणि ११४.३ मिलिमीटरचे वर्तुळ. एक्सलची रुंदी जवळपास सारखी. शिवाय ४.० लिटर इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या चेरोकीत बहुधा ३.५५ चे गुणोत्तर असते आणि एक्स्प्लोररमध्येही ३.५५ सहज सापडते. या फोर्ड एक्सलवर पत्र्याची छोटी पट्टी असते. तिच्यावर आकड्यांच्या मध्ये ‘एल’ अक्षर असेल, म्हणजे ‘३ एल ७३’ असे, तर आत लिमिटेड स्लिप आहे असे समजायचे. पट्टी गंजून गेली असेल तर दात मोजायचे. क्राउनला ४१ आणि पिनियनला ११ म्हणजे ३.७३, ४१ आणि १० म्हणजे ४.१०.

एवढे जुळले तरी एक्सल ‘बसत’ नाही. पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या बैठकी वेगळ्या जागी असतात. जुन्या कापून नव्या वेल्ड कराव्या लागतात. वेल्डिंग करताना पिनियनचा कोन चुकला तर ठरावीक वेगाला गाडी थरथरते आणि युनिव्हर्सल जॉइंट लवकर जातात. फोर्डचा प्रोपेलर शाफ्ट फ्लँजवर बसतो, जीपचा योकमध्ये. म्हणजे अडॅप्टर आला. ब्रेकचे पाइप, हँडब्रेकच्या केबल, मागच्या-पुढच्या ब्रेकचा समतोल हे सगळे नव्याने जुळवायचे. वेल्डिंग कच्चे राहिले तर ब्रेक मारताना किंवा चढावर जोर देताना एक्सल स्वतःभोवती फिरू शकतो. हायवेवर तसे झाले तर फटका फक्त गाडीवाल्याला बसत नाही.

पुढचा एक्सल विसरलात तर?

महागात पडणारी चूक हीच. फोर बाय फोर गाडीत पुढचे आणि मागचे गुणोत्तर सारखेच हवे. मागे ४.१० आणि पुढे ३.५५ ठेवून फोर व्हील टाकले, तर पुढची आणि मागची चाके एकमेकांशी कुस्ती खेळतात. डांबरी रस्त्यावर तो ताण कुठून तरी बाहेर पडणारच. आधी टायर घासतात, मग ट्रान्स्फर केस किंवा शाफ्ट जातो. म्हणून मागे ४.१० म्हणजे पुढेही ४.१०, आणि खर्चाचा अंदाज तिथेच कोलमडतो.

सुबारूचे प्रकरण याहून फसवे आहे. २००० च्या दशकातल्या अमेरिकी इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्समध्ये पुढचे गुणोत्तर ३.९० आणि मागचे ३.५४५ असते. कागदावर ते विजोड दिसते. पण पाच गिअरच्या त्या गिअरबॉक्समध्ये मागे जाणारी गती आधीच १.१ ने कमी केलेली असते, आणि ३.९० भागिले १.१ म्हणजे बरोबर ३.५४५. अशा गाडीत एसटीआयचा दणकट आर१८० डिफरन्शियल ३.९० च्या गुणोत्तरासह बसवला, की पुढे-मागे १० टक्क्यांचा फरक पडतो. बाहेरून आकडे जुळतात आणि आत गिअरबॉक्सचा जीव जातो.

एकाच मॉडेलमध्येही सगळे सरळ नसते. माझदा मिआटाच्या सुरुवातीच्या १.६ लिटर गाड्यांत सहा इंची क्राउन होता. टर्बो लावणाऱ्यांनी तो तोडायचा आणि १९९४ पासूनच्या १.८ लिटर गाडीचा सात इंची डिफरन्शियल आणायचा, हा परिपाठच पडला. पण त्याच्याबरोबर एक्सल शाफ्ट आणि प्रोपेलर शाफ्टही त्याच गाडीचे घ्यावे लागतात. म्हणून जाणकार सुटा डिफरन्शियल घेत नाहीत, एका गाडीचा पूर्ण संच उचलतात.

भारतात हे करता येईल का?

स्विफ्ट, बलेनोसारख्या गाड्यांत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते आणि डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटात असतो. तिथे हा विषयच संपतो. थार, बोलेरो, स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर अशा गाड्यांपुरता तो उरतो.

त्यांच्यासाठी कायदा सैल नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी आरसी बुकातील नोंदी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. दुसऱ्या कंपनीचा एक्सल वेल्ड करून बसवणे म्हणजे ब्रेक आणि सस्पेन्शनला हात घालणे. ‘आतले कोण बघतो’ हा गॅरेजमधला युक्तिवाद अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरपुढे टिकणारा नाही. आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांचेही उत्तर आधी लेखी घ्यावे. तोंडी ‘चालतंय’ला अर्थ नाही.

नव्या गाड्यांत आणखी एक अडचण आहे. एबीएस आणि स्टॅबिलिटी कंट्रोल चाकांजवळच्या दातेरी कड्यांवरून वेग मोजतात. दुसऱ्या एक्सलवर दातांची संख्या वेगळी असेल तर संगणकाला वाटते, चाक घसरतेय. मग तो नको तिथे ब्रेक लावतो किंवा यंत्रणाच बंद करून टाकतो.

चिखलात किंवा वाळूत अडकणे हीच अडचण असेल, तर मागचे गुणोत्तर बदलून ती सुटत नाही. चाके एकत्र बांधणारी यंत्रणा लागते. थारच्या काही आवृत्त्यांत मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल कंपनीच देते. गाडी अजून घ्यायची असेल तर बुकिंगच्या वेळी ती आवृत्ती मागता येते. गाडी घेऊन झाली असेल तर टायरचा योग्य प्रकार आणि मातीत उतरताना कमी केलेली हवा यांनीही बराच फरक पडतो, आणि त्यासाठी आरटीओत जावे लागत नाही.