दोघांपुरते जॅझ
गायक टोनी बेनेट आणि पियानोवादक बिल एव्हान्स यांनी जून १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे, फँटसी स्टुडिओत, नऊ गाण्यांची एक तबकडी ध्वनिमुद्रित केली. तीत आवाज आणि पियानो यांखेरीज काहीही नाही. तिच्यावर दोन आक्षेप घेता येतात. बेनेट हे लोकप्रिय गीते मोकळ्या गळ्याने गाऊन टाळ्या घेणारे. एव्हान्स यांच्या अंतर्मुख वादनाशी त्यांचे सूर जुळणार कसे, हा पहिला. बास आणि ड्रम नसतील तर जॅझची लय उभीच राहत नाही, हा दुसरा.

पहिला आक्षेप घेणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे १९६२ चे सॅन फ्रान्सिस्कोवरचे गाजलेले गाणे असते. त्याच्या पाच वर्षे आधी बेनेट यांनी आर्ट ब्लेकी, जो जोन्स अशा ड्रमवादकांना पुढे ठेवून 'द बीट ऑफ माय हार्ट' ही तबकडी केली होती. काउंट बेसींच्या वाद्यवृंदाबरोबरही ते गायले होते. गाण्याच्या शेवटाकडे आवाज चढवण्याची त्यांची सवय १९७५ च्या तबकडीतही सुटलेली नाही, एवढे मान्य करावे लागते. पण तो चढ झाकायला मागे व्हायोलिनांचा ताफा नाही. श्वास कुठे घेतला, शब्द कुठे सैल सोडला, हे सगळे उघडे पडते, आणि बेनेट त्या कसोटीला उतरतात.

दुसऱ्या आक्षेपाला 'सम अदर टाइम' हे चोख उत्तर आहे. लेनर्ड बर्नस्टाइन यांचे हे गाणे १९४४ च्या 'ऑन द टाउन' या संगीतिकेतले. त्याच्या सुरुवातीच्या, आलटून पालटून येणाऱ्या दोन स्वरसंघातांवर एव्हान्स यांनी १९५८ मध्ये 'पीस पीस' ही रचना उभी केली. पुढच्याच वर्षी माइल्स डेव्हिस यांच्या 'फ्लॅमेन्को स्केचेस'मध्येही ती चाल डोकावली. १९७५ मध्ये ते स्वरसंघात मूळ गीताखाली परत आले. एव्हान्स यांचा डावा हात त्यांना संथ झुलवत ठेवतो आणि बेनेट ओळ किंचित मागे रेंगाळत ठेवतात. ठोका कुणी वाजवत नाही, तरी लय एकदाही ढळत नाही.

याच तबकडीतली 'वॉल्ट्झ फॉर डेबी' ही तर एव्हान्स यांची स्वतःची, पुतणीसाठी बांधलेली चाल. शब्द जीन लीस यांचे. वादकाच्या घरात गायक पाहुणा म्हणून येतो, आणि पियानोला साथीदार समजणे तिथे चुकीचे ठरते. १९७६ मध्ये दोघांनी पुन्हा ध्वनिमुद्रण केले. 'टुगेदर अगेन' ही तबकडी बेनेट यांच्या स्वतःच्या इम्प्रॉव्ह कंपनीने काढली, आणि तिचा आरंभ एव्हान्स यांच्या एकट्या पियानोने होतो. पहिल्या रचनेत बेनेट गातच नाहीत.